जेठातलं गवत

आबा, इंदापूरच्या डॉक्टरांना उद्या मला होय किंवा नाही सांगायचं आहे. आज अमावास्या, म्हणून वर्कशॉप बंद आहे. बारामतीत मोटारीचं काम करणारे सगळेच अमावास्या पाळतात, आज कुणी इंजिनाला पाना लावत नाही. मालक घरी आहेत आणि किल्ली माझ्याकडे आहे. दार अर्धं उघडं ठेवून मी डॉक्टरांच्या फटफटीशेजारी एका पेटीवर बसलो आहे आणि तुम्हाला हे लिहितो आहे. तुम्ही होता तेव्हा या रस्त्याला एखादी मोटार आली की मेंढरं बुजायची आणि तुम्ही मोटारीच्या सात पिढ्या उद्धरायचा. ही फटफटी दोन चाकांची आहे, आणि बाजूला तिसरं चाक लावून त्यावर माणूस बसायचा डबा जोडला आहे. डॉक्टर तिच्यावरून खेडोपाडी रोगी बघायला जातात. यंदा त्यांच्या मनात आलं आहे की उन्हाळ्यात दोन महिने दवाखाना बंद ठेवायचा आणि हिच्यावर बसून थेट उत्तरेला जायचं. दिल्ली, लाहोर, जम्मू ओलांडून काश्मिरात, आणि तिथूनही पुढं, गाडीरस्ता असेल तिथवर, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याला. डब्यात बसायला त्यांना मी हवा आहे. वाटेत गाडी बिघडली तर ती उघडून पुन्हा जोडणारा माणूस हवा, आणि ते म्हणतात की काढलेले स्क्रू ओळीनं कागदावर मांडून ठेवणारा दुसरा कुणी त्यांनी पाहिलेला नाही. फाल्गुन लागला की सांग, असं त्यांनी मला पौषात म्हटलं होतं. उद्या फाल्गुन लागतो. उद्या ते गाडी न्यायला येतील.

तुम्हाला मी आठवत असेन तो अकरा वर्षांचा. आता मला तेविसावं चालू आहे. तुमच्यामागे आईनं मेंढरं विकली, दोन शेळ्या तेवढ्या ठेवल्या, आणि कळसजवळ पाटाच्या पाण्यावर मिळालेल्या तुकड्यात ती मिरची आणि वांगी करते. वांगी बाजारात कशी मांडावीत यावरून ती शेजारणींशी भांडते, म्हणजे तिची तब्येत बरी आहे असं समजा. मी बाराव्या वर्षी इथं आलो. पहिली दोन वर्षं नुसती चाकं पुसली, मग मालकांनी हातात पाना दिला. शाळा पुढं झाली नाही, पण लिहिणं मी सोडलं नाही. शब्द चुकला तर मी खोडत नाही, कागद बदलतो. हा तिसरा कागद आहे. बोलताना मी अजून आपलंच बोलतो, पण कागदावर मला ते जमत नाही. कागद म्हटला की मी ताठ बसतो. तुम्ही हसाल, हसा.

या प्रवासाची सगळी आखणी डॉक्टरांनी माझ्याकडे दिली. त्यांनी एक मोठा नकाशा आणला, जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर माझे पाने ठेवले आणि बारामतीपासून वरपर्यंत बोट फिरवलं. दौंड, नगर, मनमाड, धुळे, मग आग्र्याचा रस्ता धरून इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. बोट फिरवायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांच्या मते प्रवास झालाच. मी मात्र त्या दिवसापासून एक वही केली. प्रत्येक मुक्कामाला एक पान. गावाचं नाव वर, मागच्या गावापासून किती मैल ते खाली, मध्ये घाट आहे का, नदी आहे का, नदी असेल तर पूल की नाव. नर्मदेचं मला अजून खात्रीनं कळलेलं नाही. दोघांनी दोन सांगितलं, म्हणून त्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवलं आहे. मुक्काम सत्तावीस झाले. रोजचे पन्नास मैल, आणि दर पाच दिवसांनी एक दिवस गाडी उघडून बघायला. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या सावकाश तर मेंढरं जातील." ते सहज म्हणाले. मला ते लागलं नाही, उलट बरं वाटलं, पण का बरं वाटलं ते त्यांना सांगता आलं नाही.

कारण वही लिहिताना मी सारखा तुमच्याच मागे चालत होतो. दिवाळी झाली की आपण कोकणात उतरायला निघायचो, आणि तुम्ही नेहमी एक दिवस पुढं. सगळा तळ बसलेला असतो, बायका चुलीला दगड शोधत असतात, आणि तुम्ही सकाळीच भाकरी बांधून एकटे पुढची वाट बघायला निघता. दिवस कलला की परत येता. कुणी काही विचारत नाही. तुम्ही काठी टेकता, पाणी पिता, तोंड पुसता आणि मग सांगता की पुढच्या गावाला विहीर आहे, ओढ्याच्या डाव्या अंगानं जायचं, उजवीकडची कुत्री वाईट आहेत. दुसऱ्या दिवशी सगळं तसंच असतं. कुत्रीसुद्धा. मी नऊ वर्षांचा असताना तुम्ही एकदा मला बरोबर नेलं होतं, आठवतं? त्या दिवशी मी तुमच्या एका पावलाला माझी तीन टाकत होतो. एका मळ्याच्या बांधावर तुम्ही थांबलात आणि मला म्हणालात, नव्या गावात तीनच गोष्टी विचारायच्या. पाणी कुठं आहे. ते कुणाचं आहे. आणि तो देतो म्हणाला तर कधीपर्यंत देतो. बाकीचं आपण आपल्या डोळ्यांनी बघायचं. मग मळ्याच्या मालकाला तुम्ही ते मला विचारायला लावलंत. तिसरा प्रश्न मी विसरलो. परतताना तळ दिसायला लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, "पानी आटल्यावं मेंढरं तुला इचारत्याल." मी आजवर तो प्रश्न विसरलेलो नाही.

म्हणूनच पुढची गंमत झाली. एवढ्या लांब पुढं जाऊन बघून येणारं कुणी नाही, तेव्हा मी ठरवलं की पत्रानं बघायचं. वाटेवरच्या गावांच्या पोस्टमास्तरांना मी जोडकार्डं लिहिली, उत्तराचं कार्ड सोबत. जिथं मराठी चालेल तिथं मराठीत, पुढच्या गावांना वर्कशॉपात येणाऱ्या एका हिंदी ड्रायव्हरला विचारून हिंदीत. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न. आपल्या गावी पाण्याची सोय कुठे आहे, ती कोणाच्या मालकीची आहे, आणि वैशाख ज्येष्ठात पाणी टिकते काय. अक्षर सुवाच्य काढलं. चौदा उत्तरं आली, आबा. मला वाटलंही नव्हतं. मी ती गावांच्या क्रमानं लावली आणि डॉक्टर आले तेव्हा त्यांच्यापुढं ठेवली. धुळ्याच्या पुढच्या एका पोस्टमास्तरांचं कार्ड त्यांनी मोठ्यानं वाचलं. "पाणी आहे. विहीर सरकारी असून बारमाही आहे. आपण जनावरे किती घेऊन येत आहात ते आगाऊ कळवावे, म्हणजे पाटलांना सांगून ठेवता येईल."

डॉक्टरांनी वही उघडून एकेक पान चाळलं. विहीर, आड, ओढा, तळं, पुन्हा विहीर. नंतर ते जे हसायला लागले ते डब्याची कड धरून खालीच बसले. मालक आतून धावत आले, कुणाला काही झालं की काय म्हणून. "अरे," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "सत्तावीस मुक्काम, आणि पेट्रोल एकाही पानावर नाही. तू हिला पाणी पाजत काश्मीरला नेणार होतास?" माझे कान तापले. चार वर्षं हिच्या टाकीत पेट्रोल मीच ओततो आहे, तिला पाणी लागत नाही हे इथल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे, आणि तरी प्रवास म्हटल्यावर माझ्या हातानं विहिरीच लिहिल्या. मालक आठ दिवस मला "मेंढरं किती" म्हणूनच हाक मारत होते. अजून मधून मारतात. पण डॉक्टरांचं एक सांगतो. हसून झाल्यावर त्यांनी चौदाही कार्डं पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि म्हणाले की पाण्याचा रकाना काढू नकोस, शेजारी पेट्रोलचा दुसरा आख. गाडीला नाही तर आपल्याला लागेलच की. भर वैशाखात त्या मुलखातून जायचं आहे, ऊन चढलं की थांबायचं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आम्ही उजाडायला निघणार, दहाला सावली धरणार, चार वाजता पुन्हा निघणार. तुम्ही चालायचा तसंच. मुक्काम मात्र त्यांनी तोडून वीसवर आणले, त्यावर मी जास्त ताणलं नाही.

हे सगळं लिहिलं म्हणजे मी जायला तयारच आहे असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. वही मी आनंदानं लिहिली, पण ती दुसऱ्या कुणासाठी लिहावी तशी. स्वतः त्या डब्यात बसायचं मनात आलं की मी वही मिटून ठेवायचो. पुण्याच्या पुढं मी गेलेलो नाही. चेन तुटली तर जादा चेन घेतली आहे, पण जादा चेनही तुटली तर? डॉक्टर आजारी पडले तर डॉक्टरांना कोण बघणार? तिकडच्या घाटात एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी असते म्हणतात. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. वाघरीच्या जाळ्यात मेंढरं कोंडली की मी तीनतीनदा मोजायचो, आणि तुम्ही म्हणायचा, "आरं, मोजून मोजून झिजवशील त्यास्नी." पौष गेला, माघ संपत आला, आणि डॉक्टर भेटले की मी त्यांना पेट्रोलबद्दल सांगायचो, टायरबद्दल सांगायचो, माझ्याबद्दल काही सांगायचो नाही. त्यांनीही विचारलं नाही. मागच्या आठवड्यात मात्र गाडी इंजिनातली काजळी काढायला सोडताना ते म्हणाले की तू येणार नसलास तर तसं सांग, मग मी मुंबईहून माझ्या एका मित्राला बोलावतो. पण तो आला तर तुझी वही मला दे. वही द्यायची या विचारानं मला जेवण गेलं नाही.

म्हणून मी कळसला आईकडे गेलो. ती बांधावर मिरच्या तोडत होती. मी सगळं सांगितलं, कुठं जायचं, किती दिवस, कुठले डोंगर. मला वाटलं होतं ती नको म्हणेल आणि माझी सुटका होईल. तिनं ओटीतल्या मिरच्या पाटीत ओतल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बापावर गेलास की रं." मी म्हटलं, आबा कुठं कधी तिकडं गेले होते? ती म्हणाली, "मामाला इचार जा कळंबला. अन् ह्ये बघ, जाऊन आलास की लगीन. मग तुजी फटफट दुसरी कुनीतरी ऐकंल." एवढं बोलून ती पुन्हा वाकून मिरच्या तोडायला लागली.

मामाकडे जायचं मी बारा वर्षं टाळत आलो आहे. कारण तुम्हाला माहीत आहे, पण मला ते लिहूनच काढायचं आहे. भाद्रपदातला दिवस, आपल्या दारात मेंढरांची कातरणी चालू आहे. सगळीकडे लोकर उडते आहे, चुलते आणि शेजारचे चार बाप्ये कात्र्या घेऊन बसले आहेत, आणि मामा पलटणीतून रजेवर आला आहे. तो कडक इस्त्रीच्या सदऱ्यात दगडावर बसून सांगतो आहे की वर उत्तरेला असा मुलूख आहे, जिथं उन्हाळ्यात गवत येतं. थंडीभर सगळं बर्फाखाली गाडलेलं, आणि जेठ लागला की बर्फ उतरतं आणि डोंगरच्या डोंगर हिरवे होतात. तिकडचे मेंढके तेव्हा मेंढरं घेऊन वर चढतात. आपल्याकडे जेठात जमीन भाजून निघते, मेंढरांच्या बरगड्या मोजता येतात. सगळे हसायला लागले. चुलते म्हणाले की पाव्हण्याला पलटणीत चांगली अफू मिळते वाटतं. तुम्ही हसला नाहीत. तुमची कात्री थांबली होती. तुम्ही मामाला विचारत होता, गवत किती उंच, पाणी गोड का, लांडगा आहे का. मामा रंगून सांगत होता आणि बाकीचे आणखी हसत होते. तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत. "आपलं पोरगं शाळंत जातंय. जा रं, तुजं बुक आन. बुकात बघून सांग, असा मुलूख हाय का न्हाय."

मी पुस्तक आणलं. सगळ्यांच्या मध्ये उभा राहिलो. आपली शाळा म्हणजे आषाढापासून दिवाळीपर्यंतची, हे तुम्हाला सांगायला नको. दिवाळीनंतर मास्तर पुस्तकाचा दुसरा अर्धा शिकवायचे तेव्हा मी कोकणात असायचो, आणि पुढल्या आषाढात परत आलो की पहिल्या पानापासून. तीन वर्षं मी तोच अर्धा शिकलो. तेवढा मला तोंडपाठ होता, मी डोळे मिटून म्हणून दाखवायचो आणि तुम्ही पाव्हण्यांना कौतुकानं सांगायचा. पुढल्या अर्ध्यात नुसती जोडाक्षरं. मी पानं उलटली, एकदा पुढून, एकदा मागून, आणि म्हणालो, "न्हाय. बुकात असं काय न्हाय." मोठा हशा झाला. चुलत्यांनी माझी पाठ थोपटली. मामा उठून आत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रजा राहिलेली असताना निघून गेला. तुम्ही म्हणालात, "बुकात न्हाय तर न्हाय," आणि कात्री उचललीत. त्या वर्षी कोकणात तुम्हाला ताप आला आणि आम्ही परत आलो ते तुमच्याशिवाय. पुन्हा त्या गवताचं नाव निघालंच नाही.

कळंबला मामा बाजेवर बसला होता. मिशा पांढऱ्या झाल्या आहेत पण पाठ तशीच सरळ. मी वाकून पाया पडलो आणि म्हणालो की मामा, मला काश्मिराकडच्या वाटेचं विचारायचं आहे. तो म्हणाला, "या भाचंसायेब. बुकात बघितलं न्हवं?" त्यानं मला बराच वेळ उभं ठेवलं, तंबाखू मळली, चिमटीनं तोंडात टाकली, आणि मग बाजेवर सरकून जागा केली. मी वही काढली. त्यानं सांगितलं ते मी सहा पानं लिहून घेतलं. जम्मूच्या पुढं चढ कुठं लागतो, कुठल्या खिंडीत वैशाखापर्यंत बर्फ राहतं, रात्रीला घोंगडी एक नाही दोन न्याव्यात, आणि त्या आपल्याकडच्याच न्याव्यात कारण त्या भिजल्या तरी ऊब सोडत नाहीत. तिकडच्या मेंढक्यांची बिऱ्हाडं घोड्यांवर असतात, वर गाठोडं, गाठोड्यावर पोर, पोराच्या हातात कोंबडी. "आपल्यावानीच. निसती भाशा येगळी," मामा म्हणाला. मग त्यानं माझ्या वहीवर बोट ठेवलं आणि विचारलं किती मुक्काम. मी वीस म्हटलं. तो हसला. "तुज्या बापानं दोनशे काडलं हुतं."

कसले दोनशे, मी विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं. तो रुसून निघाला त्या सकाळी तुम्ही त्याला वाटेला लावायला गेलात आणि कोसभर गेलात तरी मागं फिरला नाहीत. मामाचे शब्द मी आहेत तसे लिहितो. "म्हनला, पावनं, बुकाचं मनावं घिऊ नगा. पोरगं अजून तितवर पोचलं न्हाय. दिवाळीपस्तोरचंच येतंय त्येला. चारचौघात काय करल, न्हाय म्हनलं. तुमी त्येला ह्ये कदी बोलू नगा. म्या म्हनलं, मंग दाजी, माजं खरं का त्येचं? म्हनला, तुमी डोळ्यानं बघितलंय, तुमचंच खरं. आता मला वाटंच्या मजला सांगा." आणि मग तुम्ही दोघं लिंबाखाली बसलात. मामाला पलटणीचा हिशेब ठाऊक, तुम्हाला मेंढरांची चाल ठाऊक. तुम्ही धुळीत खडे मांडलेत, एक खडा म्हणजे दहा दिवस. वीस खडे झाले. दिवाळीला कळसहून निघालं तर जेठाच्या तोंडाला मेंढरं गवतावर पोचतात. मामानं विचारलं, अन् परत येनार कवा? तुम्ही म्हणालात, "त्ये गवात खाल्ल्यावं मेंढरं परत येत न्हाईत. मंग मी एकला येऊन काय करू?" दोघं खूप हसलात. खड्यांची मांडणी तुम्ही मोडली नाही, उठून धोतर झटकलंत आणि मामाला म्हणालात की घरी हिला तेवढं सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही.

तर आई यासाठी म्हणाली होती. आणि ती बारा वर्षं गप्प बसली.

कळंबहून परत येताना मी सर्व्हिस मोटारीत बसलो नाही, बरंच अंतर चाललो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता ऊस उभा आहे. तुम्ही जिथं मेंढरं बसवायचा त्या माळावर पाटाचं पाणी आलं आहे, आज तुम्हाला तिथं वाघर लावू देणार नाहीत. मला वाईट वाटत नव्हतं. मी चालता चालता तुमचे वीस खडे आणि माझे वीस मुक्काम शेजारी शेजारी मांडत होतो. तुमच्या एका खड्यात माझा एक दिवस बसतो. पहिला खडा नगरच्या अलीकडे, दुसरा मनमाडच्या आसपास. नर्मदेला तुम्ही चौथ्या की पाचव्या खड्यावर पोचला असता, आणि पूल आहे की नाव हे तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं असतं. मी घरी येऊन वहीत तिसरा रकाना आखला. पाणी, पेट्रोल, आणि आबांचा खडा. डॉक्टर विचारतील हे काय. सांगेन. एखादे वेळेस सांगणार नाही.

उद्या मी होय म्हणणार आहे. ते ठरलं म्हणूनच आज एवढं सुचतं आहे. इंजिन जोडून झालं आहे, प्लग नवे, चेन सैल नाही, दोन्ही चेनी मी दोनदा तपासल्या आणि आत्ता लिहिता लिहिता उठून तिसऱ्यांदा तपासल्या. अमावास्येला पाना लावायचा नाही, पण बोटानं ताणून बघायला हरकत नसावी. भीती गेलेली नाही. ती डब्यात माझ्या मांडीवर बसून येईल, तिच्यासाठी वेगळी जागा करायला नको. अक्षय्य तृतीया झाली की निघायचं. आई दोन घोंगड्या आणून देणार आहे, त्यातली एक तुमची. जेठ लागेल तेव्हा आम्ही वर असू. गवत घोट्याएवढं आहे की गुडघ्याएवढं, पाणी गोड आहे का, लांडगा आहे का, हे तुमचे सगळे प्रश्न मी पहिल्या पानावर लिहून घेतले आहेत.

हे पत्र टाकायचं नाही. घडी घालून हत्याराच्या पेटीत, जादा चेनीच्या खाली ठेवीन, म्हणजे ग्रीस लागून कुणाला ते वाचावंसं वाटणार नाही. आणि एक राहिलं. हे मामाला मी सांगितलं नाही, आईलाही नाही. मला वाचता आलं नाही हे तुम्ही ओळखलं होतं आणि माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं, ते आता मला कळलं. पण त्या दिवशी मी मागली पानं उलटली तेव्हा तिथं एक चित्र होतं. पांढऱ्या माथ्याचे डोंगर, खाली उतार, आणि उतारावर बारीक बारीक ठिपके. ते दाखवलं असतं तर सगळे म्हणाले असते, खाली काय लिहिलं आहे ते वाच. म्हणून मी पुस्तक मिटलं. ते ठिपके मेंढरं आहेत हे कळायला, आबा, मला वाचता यायची गरज नव्हती.